हुकुमाशिवाय घोट नाही

आमची ड्यूटी साधी होती. डेपोत भरलेली एक वॅगन ठरलेल्या ठिकाणी पोचवायची, पेट्या मोजून ताब्यात द्यायच्या, सही घ्यायची आणि माघारी यायचं. दुसऱ्या महायुद्धाची मधली वर्षं होती आणि महिना वैशाखाचा. वाट अकोल्याहून वाशीमवरून पूर्णेकडे जाणाऱ्या लहान रुळांच्या गाडीची. तेव्हा वाशीम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं.

एस्कॉर्टमध्ये आम्ही चौघे. कमांडर हवालदार बाबाजी शिर्के, सातारा बाजूचे, बाहीवर तीन फिती. त्यांच्या हाताखाली मी, वाशीमचा, लान्स नाईक. माझी एकुलती एक फीत नवीन होती आणि मी ती उगाच दिवसातून दोनदा झटकत असे. शिपाई गणू किन्हीराजाचा, घरी शेती आणि दोन बैलजोड्या. शिपाई रहमान मंगरूळपीरचा, शिंप्याचा मुलगा. सुई-दोरा त्याच्या टोपीत कायम खोचलेला असायचा आणि पलटणीची अर्धी बटणं त्यानेच लावलेली होती. गाडी आम्हा तिघांच्या मुलखातून जाणार म्हणून आम्ही खुशीत होतो. उतरता येणार नव्हतं, पण आपल्या मुलखाची धूळ तरी नाकात जाणार होती.

आता दर उन्हाळ्यात शाळेचे मास्तर मला बोलावतात. 'रोज किती पाणी प्यावं' यावर मुलांना चार शब्द सांगा म्हणतात. त्यांना फळ्यावर लिहायला ग्लासांचा आकडा हवा असतो. मी आकडा देत नाही, त्या वॅगनची गोष्ट सांगतो. मास्तर थोडे नाराज होतात, पण पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शिर्क्यांनी बाटल्यांची इन्स्पेक्शन घेतली. प्रत्येकाची बाटली कानाशी धरून हलवायची, ही त्यांची पद्धत. काठोकाठ भरलेली बाटली वाजत नाही. अर्धी असली की आत डुबुक-डुबुक होतं. आवाज आला की शिर्क्यांचा चेहरा उतरायचा. ते ओरडत नसत, त्यामुळे आम्हाला जास्तच वाईट वाटायचं.

"उंट पितो तेवढं प्यायचं न्हाय," ते म्हणायचे. "उंट चालतो तेवढं चालायचं."

ते परदेशातल्या वाळवंटात राहून आले होते. त्या काळी फौजेत असंच शिकवत की पाणी ही सवय आहे, शरीराला वळण लावलं तर ते कमी पाण्यावर चालतं. संध्याकाळी ज्याची बाटली भरलेली तो पक्का जवान. हे काही शिर्क्यांनी मनाने काढलेलं नव्हतं. मोठमोठ्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, आणि सांगितलेलं पाळायचं यात त्यांची उभी हयात गेली होती. नियम दोन. हुकुमाशिवाय घोट नाही. आणि गोळी टाकून शुद्ध केलेलं नसेल ते पाणी तोंडाला लावायचं नाही, कारण उन्हाळा म्हणजे पटकीचे दिवस. गोळ्यांची डबी त्यांच्या हॅवरसॅकमध्ये असायची. ती संपत आली होती, नवी मुक्कामी मिळणार होती.

वॅगन लोखंडी, वरून बंद. आत वायरलेसच्या पेट्या आणि गोणपाटात गुंडाळलेली काटेरी तारेची भेंडोळी. डावीकडचं दार डेपोतच रिबेट मारून पक्कं केलेलं, चोरी होऊ नये म्हणून. आमचं येणं-जाणं उजव्या दाराने. त्याच दाराच्या कडीला बाहेरून छागल टांगलेली होती, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. वाऱ्याने तिच्यातलं पाणी गार राहायचं. चौघांचं दिवसाचं शुद्ध पाणी त्या छागलीत, आणि शिवाय प्रत्येकाची बाटली.

सकाळी गाडी वाशीमला थांबली. प्लॅटफॉर्मवर पाणीवाले ओरडत फिरत होते, एक "हिंदू पानी", दुसरा "मुसलमान पानी". आम्हाला दोन्ही बंद. मी आमच्या गावाचं पाणी दारात उभं राहून नुसतं बघितलं. रहमान म्हणाला, "पाह्य भाऊ, फौजेत आपलं तिसरंच पानी निंगालं."

दुपार व्हायच्या सुमाराला, वाशीमच्या पुढच्या एका लहान स्टेशनात, गार्डला आमच्या वॅगनचा अॅक्सल तापून धूर येताना दिसला. असं झालं की वॅगन गाडीतून काढतात. गाडी पुढे जाणार आणि आम्ही वॅगनसकट मागे राहणार. खडक फोडून केलेल्या कटिंगमध्ये एक साइडिंग होती, म्हणजे बाजूला काढलेला रूळ. इंजिनाने वॅगन तिकडे ढकलली. शिर्के म्हणाले, "दार लावा. शंटिंगमध्ये कुणी खाली पडायला नको." हुकूम योग्य होता. रहमानने दार लावलं.

धक्का जरा जोरात बसला. वॅगन साइडिंगच्या टोकाचा मातीचा ढीग चढली, चाकं रुळावरून उतरली आणि सगळी वॅगन उजवीकडे कलून कटिंगच्या खडकाला टेकली. आत तारेची भेंडोळी घरंगळत उजव्या दारावर जाऊन आदळली. मी पेट्यांवर पालथा पडलो. मग शांत झालं.

"नावं बोला," शिर्क्यांचा आवाज आला.

"लान्स नाईक ठीक."

"रहमान ठीक, साहेब."

"गनू हाये जी. ढोपर फुटलं."

उजवं दार खडकाने दाबून धरलेलं. डावं दार रिबेटचं, त्यात त्याची चौकट पिचून पत्रा दुमडलेला. दाराच्या वरच्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढी फट पडली होती. तेवढाच उजेड. छागल खडक आणि दाराच्या मध्ये चेचली गेली होती. तिचं पाणी दगडावरून ठिबकताना आम्हाला ऐकू येत होतं, आणि ते लवकरच थांबलं.

बाहेरून कोणी पत्र्यावर थाप मारली. तो स्टेशनचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा होता, किसन नावाचा.

"आत कोन हाये? जित्ते हायेत का बाप्पा?"

"चार जवान," शिर्के फटीशी तोंड नेऊन म्हणाले. "दार उघडा."

"हे त रिबेट मारेल हाये. टेशनमास्तरनं वाशीमले तार देल्ली. गँग येईन, छिन्नी-घन आनीन, मंग निंगन. तवरोक आमी पहार लावून पायतो."

पहारी लागल्या. गावची माणसंही धावून आली. पण पत्रा आत वाकत होता, उघडत नव्हता. वैशाखातल्या दुपारचं ऊन त्या लोखंडावर पडलेलं. रहमानने तोल सावरायला भिंतीवर पंजा टेकला आणि लगेच मागे घेतला. तळहाताचं कातडं पांढरं पडलं होतं. मला भीती वाटली. बंदुकीच्या गोळीची भीती वेगळी असते, ती येते आणि जाते. ही जात नव्हती.

शिर्क्यांनी जागा नेमून दिल्या. आम्ही तिघे खाली, खडकाच्या बाजूला, जिथे लोखंड जरा कमी तापलेलं. ते स्वतः वर पेट्यांवर, फटीपाशी. बाहेरच्यांशी बोलायला कमांडर लागतो, म्हणाले. पण ती वॅगनमधली सगळ्यात तापलेली जागा होती आणि हे त्यांना आमच्याइतकंच दिसत होतं.

"बाटल्यांना हात न्हाय. कुणी बोलायचं न्हाय. बोलल्यानं तोंड सुकतं."

थोड्या वेळाने फटीतून एका म्हातारीचा आवाज आला. किसनची आई, पार्वताबाई. ती घागर घेऊन आली होती.

"पानी देऊ का रे बापूहो?"

"नको मावशी. हुकूम न्हाय."

"पान्याले कोनाचा हुकूम लागते बाप्पा?"

 शिर्क्यांनी हॅवरसॅकमधून गोळ्यांची डबी काढली. धक्क्याने झाकण निघून गोळ्यांचा भुगा झाला होता आणि तो सगळा पिशवीच्या तळाशी सांडला होता. त्यांनी डबी बंद करून परत ठेवली.

मी म्हणालो, "साहेब, आत्ता पटकीचा विचार कशाला? निदान बाटलीतलं तरी पिऊ."

"दिवस मावळायला किती वेळ हाय, माहीत हाय का तुला? गँग कवा येणार, माहीत हाय? न्हाय ना? मग बाटली जप."

त्यांचं गणित चुकीचं होतं असं तेव्हा मला म्हणता आलं नसतं. दार कधी उघडणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माणूस अडकला की पहिल्यांदा हातात आहे ते साठवून ठेवतो. दुष्काळात कणगीतलं धान्य राखावं तसं आम्ही पाणी राखत होतो. पण धान्य कणगीत असलं तरी घरचंच असतं. उन्हात बाटलीत राहिलेलं पाणी आपलं नसतं, जोवर ते पोटात जात नाही. हे मला त्या दिवशी कळलं, आणि उशिरा कळलं.

गणूच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो बैलाचा गडी, दुखण्याला भीक न घालणारा, पण तो ओरडला. शिर्के वरून म्हणाले, "गणू, दोन घोट. बाकीच्यांनी एक." आम्ही प्यायलो. माझी बाटली लगेच वाजायला लागली आणि तशातही मला लाज वाटली.

"तुमी साहेब?" गणूने विचारलं.

"माझं ठीक हाय."

मला त्यांचा राग आला. त्यांच्याबद्दल अभिमानही वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

बाहेर पहारींचा आवाज चालूच होता. किसन अधूनमधून सांगायचा, "ट्रॉली निंगाली म्हनते," आणि मग बराच वेळ काही नाही. पार्वताबाईने फटीतून लुगड्याची ओली चिंधी आत सरकवली. अंगाला लावायला शिर्क्यांनी परवानगी दिली. गणूने ती तोंडावरून फिरवली आणि फिरवता फिरवता चोखली. शिर्क्यांनी दुसरीकडे पाहिलं.

मग ते हजेरी घ्यायला लागले.

आधी मला वाटलं आमचीच घेताहेत. पण नावं दुसरी होती. मी कधी न ऐकलेली माणसं. एकेक नाव घ्यायचे, थांबायचे, पुन्हा तेच नाव घ्यायचे. उत्तर आलं नाही की आवाज चढायचा. मनाने ते पुन्हा त्या वाळवंटात गेले होते. मी वर चढून त्यांच्याजवळ गेलो. सकाळपासून भिजलेला त्यांचा शर्ट कोरडा पडला होता, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. मानेला हात लावला तर घाम नव्हता, नुसती आग होती.

पुढच्या नावाला रहमान म्हणाला, "हजर."

शिर्के शांत झाले. त्याच्या पुढच्या नावाला गणू म्हणाला, "हजर जी." मग मीही. त्या वॅगनमध्ये आम्ही तिघांनी किती जणांची हजेरी दिली ते मोजलं नाही. त्यातले किती जिवंत होते तेही ठाऊक नाही.

मी खाली पाहून म्हणालो, "आता कमांड माझी. बाटल्या रिकाम्या करा. सगळं प्या."

रहमान म्हणाला, "सगळं?"

"सगळं. ऑर्डर आहे."

मग मी फटीला तोंड लावून ओरडलो, "माय, पानी दे! लय पानी दे!"

फटीतून तांब्या जात नव्हता. ओंजळ धरावी तर अर्धं पत्र्यावरच वाफ होत होतं. पार्वताबाई "थांब थांब" म्हणाली आणि गायब झाली. आली ती बांबूचा नळा घेऊन. बैल आजारी पडला की त्याच्या जबड्यात घालून औषध पाजतात, तो नळा. तिरकं कापलेलं टोक तिने फटीतून आत घातलं आणि बाहेरच्या टोकात घागर ओतली. गणू आधी हसला, मग रडला. म्हणाला, "आमच्या ढवळ्याले असंच पाजतो मी." आम्ही पाळीपाळीने त्याखाली तोंड धरलं. हिंदू पाणी कोणतं आणि मुसलमान पाणी कोणतं, हे त्या नळ्याला कोणी विचारलं नाही. पाण्याला हिंगाचा आणि ओव्याचा वास होता. त्याहून चांगलं पाणी मी पुढे कुठेच प्यायलो नाही.

मग आम्ही शिर्क्यांना नळ्याखाली आणलं. त्यांनी दात मिटून घेतले.

"साहेब, प्या."

"कुणाचा हुकूम?" त्या एका क्षणी ते अगदी शुद्धीवर होते.

"माझा, साहेब."

"फिती किती तुला?"

"एक."

"मग बस खाली."

आम्ही त्यांच्या डोक्यावर, छातीवर पाणी ओतलं. रहमानने शर्ट काढून वारा घातला. मी जबडा उघडायचा प्रयत्न केला, पण त्या कललेल्या वॅगनमध्ये पाय टिकत नव्हता आणि माणूस ताकदीचा होता. त्यांनी स्वतःच्या बाटलीचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधला होता. ती छातीशी धरली होती. मी त्यांना हात जोडले. खरंच जोडले. "साहेब, पाया पडतो, एक घोट घ्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाच देतोय.

ट्रॉलीचा आवाज आला तेव्हा ऊन खडकावरून सरकत होतं. घनाचे घाव सुरू झाले. प्रत्येक घावाला सगळी वॅगन कानात वाजायची. शिर्क्यांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांचा श्वास मोठा झाला, मग अंतर पडायला लागलं. आमच्यापैकी प्रत्येकाने घरात कोणीतरी जाताना पाहिलेलं होतं. सांगावं लागलं नाही.

मी नळ्याकडे हात केला. गणू म्हणाला, "त्यातलं नाई भाऊ. त्यायच्या वाट्याचं पानी हाये, त्यायलेच भेटू द्या."

त्याने शिर्क्यांच्या मनगटाचा पट्टा सोडला. बूच काढलं. रहमानने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दात आता मिटलेले नव्हते. जाणाऱ्याच्या तोंडात लेक घालतो तसं गणूने थोडं थोडं करून पाणी घातलं. थोडं आत गेलं, बाकी गालावरून ओघळलं. दार उघडलं तेव्हा रहमान त्यांचे डोळे मिटत होता.

बाहेर उचलून घेतलं. पार्वताबाईने डोक्यावरचा पदर सावरला. मी कटिंगच्या काठावर बसून ढसढसा रडलो. लान्स नाईकने रडू नये असा नियम असेल तर तो मोडला.

चौकशीला एक साहेब आले. त्यांनी शिर्क्यांची बाटली उचलली, सवयीने कानाशी धरून हलवली, आणि खाली ठेवली. कागदावर उष्माघात लिहिलं गेलं. मला विचारलं, पाणी होतं का? मी म्हणालो, होतं. पुढे काही विचारलं नाही. नंतर केव्हातरी फौजेचं शिकवणंही बदललं, जवानाला भरपूर पाजा म्हणायला लागले. कोणी कधी सांगितलं नाही की आधीचं चुकलं होतं.

म्हणून मुलांनो, मी शाळेत सांगतो, उन्हात जाताना पिऊन निघा. तहान लागली की थांबा आणि प्या, लाजू नका. लघवी गडद पिवळी झाली की समजा उशीर झालाय. पाणी पोटात साठवा, भांड्यात नको. मुलं लघवी शब्दाला हसतात. हसू द्यावं, त्या निमित्ताने लक्षात राहतं.

शिर्क्यांचा किटबॉक्स घरी पोचवायला मलाच पाठवलं. साताऱ्याहून पुढे बराच रस्ता पायी. घरी त्यांची बायको होती, सगुणाबाई. धाकटा मुलगा शेरडांमागे गेला होता. तिने बॉक्स उघडला नाही. त्याच्या झाकणावर हात ठेवून बसली.

"तोंडात पाणी घालायला कुणी हुतं का?"

"होतं. गणू म्हणून आमच्यातला एक. त्यानं घातलं."

"बरं केलं त्यानं. त्याला म्हणावं, तू माझा लेकच." मग म्हणाली, "पर तुमी तर कोंडलेलं हुतासा. पाणी कुठनं आणलं?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण त्या बाईकडे पाहून जमलं नाही.

"हवालदारसाहेबांच्याच बाटलीतलं होतं."

"म्हंजी त्यांच्यापाशी पाणी हुतं?"

"होतं."

"किती हुतं?"

"भरलेली होती, वहिनी."

ती बराच वेळ झाकणावरून हात फिरवत राहिली. रडली नाही.

"त्यांना कवा मागून घेता आलंच न्हाय," ती म्हणाली. "रानातनं आलं की नुसतं ओट्यावर बसून ऱ्हायचं. मीच तांब्या पुढं करायची, मग प्यायचं. तितं कोण करणार?"

मग ती उठली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली. मी तांब्या रिकामा करीपर्यंत समोर उभी राहिली.